इम्युलेटरमधील बाइटक्रमाचे दोष : ओळखावेत कसे आणि दुरुस्त करावेत कसे

सोलापुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःचा प्रोसेसर इम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहिण्याची हौस असते, त्यांची सुरुवात बहुधा प्रयोगशाळेतील ८०८५ च्या किटवर झालेली असते. त्या किटवर हाताने भरलेले प्रोग्रॅम त्यांच्या इम्युलेटरवर सुरळीत चालतात. मग ते मोटोरोलाच्या ६८००० कडे किंवा एखाद्या मिप्स प्रोसेसरकडे वळतात, आणि तिथे बेरीज-वजाबाकी बरोबर येत असूनही प्रोग्रॅम पहिल्या काही सूचनांतच भरकटतो. असे झाले की सूचनांच्या अर्थात चूक शोधण्यापूर्वी बाइटक्रम, म्हणजे संख्येचे बाइट मेमरीत कोणत्या क्रमाने मांडले जातात ते, तपासावा, असे माझे ठाम मत आहे.

हा लेख त्या तपासणीचा आणि दुरुस्तीचा आहे. वाचकाला सी किंवा तत्सम भाषा येते आणि हेक्साडेसिमल संख्या वाचता येतात, एवढे गृहीत धरले आहे.

सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४१३००१ घ्या. हेक्समध्ये तो ६४डी४९ होतो, आणि ३२ बिटांत मांडला तर त्याचे चार बाइट ००, ०६, ४डी, ४९ असे होतात. बिग-एंडियन प्रोसेसर ते याच क्रमाने चढत्या पत्त्यांवर ठेवतो. लिटल-एंडियन प्रोसेसर ४९, ४डी, ०६, ०० असे ठेवतो. एकाने लिहिलेले चार बाइट दुसऱ्याच्या पद्धतीने वाचले, तर ४१३००१ ऐवजी १२२९७८४५७६ ही संख्या हाती येते. बाइट एकही बदललेला नसतो, हरवलेलाही नसतो.

यातून निघणारी एक गोष्ट पुढच्या सगळ्या दुरुस्तीचा पाया आहे. बाइटक्रम हा संख्येचा गुण नाही. रजिस्टरमध्ये असलेल्या ४१३००१ ला कोणताही क्रम नसतो. ती संख्या बाइटांच्या रांगेत उतरते किंवा रांगेतून वर येते, त्या सीमेवरच क्रमाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून बाइट कुठे उलटायचे हे शोधत बसण्यापेक्षा आपल्या प्रोग्रॅममध्ये अशा सीमा कुठे आणि किती आहेत, हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

कोडला हात लावण्यापूर्वी

ज्या प्रोसेसरची नक्कल करायची तो गेस्ट, आणि ज्या संगणकावर इम्युलेटर चालतो तो होस्ट. आजचे इंटेल व एएमडीचे लॅपटॉप लिटल-एंडियन आहेत आणि एआरएमवरील फोन व्यवहारात तसेच चालतात, त्यामुळे होस्टची बाजू बहुतेकांना ठाऊक असते. गेस्टची बाजू मात्र माहितीपुस्तिकेतून पडताळून कागदावर लिहून ठेवावी. ८०८५, झेड८० आणि ६५०२ हे लिटल-एंडियन आहेत. ६८००० आणि ६८०९ बिग-एंडियन आहेत. मिप्स, पॉवरपीसी आणि एआरएम या कुळांतील प्रोसेसर दोन्ही प्रकारे चालू शकतात, म्हणून तिथे प्रोसेसरचे नाव पुरत नाही, ते विशिष्ट यंत्र कोणत्या क्रमात चालत असे ते पाहावे लागते. एआरएमच्या बीई-८ या पद्धतीत तर डेटा बिग-एंडियन असतो आणि सूचना मात्र लिटल-एंडियनच राहतात. पीडीपी-११ वर १२३४५६७८ ही ३२ बिटांची हेक्स संख्या ३४, १२, ७८, ५६ अशी मांडली जाई, म्हणजे दोन्ही पद्धतींपेक्षा वेगळी. एकूण काय, सूचनांचा क्रम आणि डेटाचा क्रम या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात.

त्यानंतर फाइल तपासावी. प्रोग्रॅम ईएलएफ (लिनक्ससारख्या यंत्रणांवरील प्रोग्रॅम-फाइलींच्या) स्वरूपात असेल, तर फाइलीतील सहावा बाइट उत्तर देतो: १ असेल तर लिटल, २ असेल तर बिग. निन्टेंडो ६४ च्या रॉम-फाइली तीन वेगवेगळ्या क्रमांत सापडतात आणि त्या पहिल्या चार बाइटांवरून ओळखता येतात. मूळ क्रमात ८०, ३७, १२, ४०. दोन-दोन बाइट उलटलेले असतील तर ३७, ८०, ४०, १२. आणि चारही उलटलेले असतील तर ४०, १२, ३७, ८०. फाइलच उलटी असताना प्रोसेसरच्या कोडमध्ये दोष शोधत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. फाइल आत घेतानाच ती मूळ क्रमात आणावी आणि त्यापुढे तो विषय बंद करावा.

८०८५ शिकलेल्यांना एक ओळखीची खूण सांगतो. एचएल जोडीत २०५० हेक्स भरण्याच्या सूचनेचे बाइट किटवर आपण २१, ५०, २० असे भरतो, म्हणजे खालचा बाइट आधी आणि वरचा नंतर. परीक्षेपुरते पाठ केलेले हे वळण हातात इतके बसते की ६८००० च्या सूचना वाचणारा कोडही नकळत तसाच लिहिला जातो.

दोष बाइटक्रमाचाच आहे का?

पहिली खूण अशी की ८ बिटांची कामे बिनचूक होतात आणि १६ किंवा ३२ बिटांची बिघडतात. दुसरी खूण अशी की काही मूल्ये नेहमी बरोबर येतात. शून्य, सर्व बिट १ असलेली संख्या आणि ०१०१ सारखी मूल्ये उलटली तरी तशीच राहतात, त्यामुळे ज्या चाचणीत केवळ शून्ये भरलेली आहेत ती चाचणी या कामी निरुपयोगी आहे.

तिसरी खूण सर्वांत बोलकी आहे. गेस्टच्या मेमरीत एक ओळखीची अक्षररांग शोधावी, किंवा स्वतःच पेरावी. इंग्रजी वर्णमालेतील एस, ओ, एल, ए, पी, यू, आर ही सोलापूरची सात अक्षरे आणि आठवी रिकामी जागा अशी रांग पेरा. वाचताना ती ओ, एस, ए, एल, यू, पी, रिकामी जागा, आर अशी दिसली, तर कुठेतरी १६ बिटांच्या गटात उलटापालट होत आहे. ती ए, एल, ओ, एस, रिकामी जागा, आर, यू, पी अशी दिसली, तर गट ३२ बिटांचा आहे. सोलापुरी चादर विणणारा कारागीर नक्षी कुठे आणि किती अंतराने फिसकटते हे पाहून जॅकार्डचे (मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेचे) कोणते छिद्रांचे कार्ड चुकीच्या जागी ओवले गेले ते सांगतो. इथेही बिघाडाची रुंदी पाहिली की दोषी फंक्शनचा शोध निम्म्यावर येतो.

६८००० साठी याहून नेमकी जागा उपलब्ध आहे. रीसेट झाल्यावर हा प्रोसेसर पत्ता ० वरून चार बाइट घेऊन स्टॅक पॉइंटर भरतो आणि पत्ता ४ वरून चार बाइट घेऊन प्रोग्रॅम काउंटर भरतो. समजा, त्या दुसऱ्या चार जागी ००, ००, ०२, ०० असे बाइट आहेत. योग्य उत्तर २०० हेक्स आहे. इम्युलेटरने २०००० हेक्स दाखवले, तर चारही बाइट उलटे वाचले गेले. त्याने नुसते २ दाखवले, तर दोन-दोन बाइटांच्या जोड्या उलटल्या. त्याने २०००००० हेक्स दाखवले, तर प्रत्येक जोडी आतून बरोबर आहे, पण वरची आणि खालची जोडी यांची अदलाबदल झाली आहे. ३२ बिटांचे वाचन १६ बिटांच्या दोन वाचनांतून जुळवणाऱ्या फंक्शनमध्ये हा दोष हमखास सापडतो. एकही सूचना चालवण्यापूर्वी, केवळ रीसेटनंतरचा प्रोग्रॅम काउंटर छापून, तीन निरनिराळे दोष वेगळे करता येतात. ही एक ओळ छापण्याचा कंटाळा करू नये.

एकच दरवाजा

दुरुस्तीचा मुख्य भाग असा की गेस्टच्या मेमरीत जाण्या-येण्याचा मार्ग एकच ठेवावा. गेस्टची मेमरी म्हणजे साध्या बाइटांची रांग, आणि तिला स्पर्श करणारी फंक्शने सहाच: ८, १६ आणि ३२ बिटांचे वाचन, आणि तेवढ्याच रुंदीचे लेखन. प्रोसेसरच्या सूचना राबवणाऱ्या कोडने या सहांखेरीज दुसरीकडून मेमरीत शिरू नये. बिग-एंडियन गेस्टसाठी ३२ बिटांचे वाचन असे लिहावे. नमुन्यातील नावे केवळ समजण्यासाठी आहेत.

मूल्य = (बिनचिन्ह३२(मेमरी[प]) << २४) | (बिनचिन्ह३२(मेमरी[प+१]) << १६) | (बिनचिन्ह३२(मेमरी[प+२]) << ८) | बिनचिन्ह३२(मेमरी[प+३])

लिटल-एंडियन गेस्टसाठी सरकवण्याचे आकडे उलट्या क्रमाने येतात, बाकी काही बदलत नाही. या ओळीत होस्टचा उल्लेखच नाही, हे तिचे सर्वांत मोठे बळ आहे. होस्ट कोणताही असो, बाइट पत्त्यानुसार एकेक करून उचलले आहेत आणि संख्या गणिताने बांधली आहे. म्हणून ‘होस्ट लिटल असेल तर उलटा, नाहीतर उलटू नका’ अशी अट कुठेही लिहावी लागत नाही.

वरच्या ओळीतील बिनचिन्ह ३२ बिटांचे रूपांतर शोभेसाठी नाही. सी भाषेत ८ बिटांचा बाइट सरकवण्यापूर्वी आपोआप चिन्हयुक्त इंट होतो. त्या बाइटचा वरचा बिट १ असेल आणि तो २४ जागा सरकवला, तर तो चिन्हाच्या बिटावर जाऊन बसतो, आणि अशा वेळी काय घडावे हे सीचे मानक ठरवून देत नाही. व्यवहारात बहुधा ऋण संख्या मिळते आणि ती ६४ बिटांच्या चलात ठेवली की वरचे सगळे ३२ बिट १ होतात. ८०, ३७, १२, ४० हेच बाइट अशा कोडने वाचले तर ८०३७१२४० ऐवजी एफएफएफएफएफएफएफएफ८०३७१२४० हाती येते. हे लक्षण बाइटक्रमाच्या दोषासारखे भासते, पण बाइट उलटून ते जात नाही. त्यापायी कोडमध्ये भलतीकडे उलटापालट घुसडली गेलेली मी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वारंवार पाहिली आहे.

बाइटांच्या रांगेतील पत्त्याला थेट ३२ बिटांचा पॉइंटर मानून वाचण्याचा मोह टाळावा. त्यात होस्टचा क्रम आपसूक मिसळतो. शिवाय पत्ता चारने भाग जाणारा नसेल तर काही होस्टवर प्रोग्रॅम कोसळतो, आणि पॉइंटरांच्या प्रकारांविषयीचे नियम मोडल्यामुळे कंपायलरला कोड हवा तसा बदलण्याची मोकळीक मिळते. वेगाची चिंता असेल तर ती बहुतांशी अनाठायी आहे. जीसीसी आणि क्लँग यांच्या अलीकडच्या आवृत्त्या वरील सरकवण्याचा नमुना ओळखतात आणि त्याऐवजी एकच वाचन व गरजेप्रमाणे बाइट उलटवणारी एक सूचना घालतात. इंटेलच्या कुळात ती सूचना ८०४८६ पासून आहे. तरीही खात्री हवी असेल तर कंपायलरने काढलेली असेम्ब्ली उघडून पाहावी.

एक जोड इथेच देतो. मूळ ६८००० वर विषम पत्त्यावरून १६ किंवा ३२ बिट वाचायला गेले की ॲड्रेस एररचा अपवाद उठतो. ६८०२० पासून पुढे डेटासाठी ती सक्ती नाही. बाइटांनी वाचणारे फंक्शन विषम पत्त्यावरूनही निमूटपणे काहीतरी परत करते, म्हणून हा अपवाद मुद्दाम लिहावा लागतो.

रजिस्टरांच्या जोड्या

झेड८० किंवा ८०८५ च्या इम्युलेटरांत एचएल ही जोडी युनियन वापरून लिहिण्याची जुनी पद्धत आहे: एकाच जागेला एकीकडून १६ बिटांची संख्या म्हणायचे आणि दुसरीकडून एल व एच असे दोन बाइट म्हणायचे. लिटल-एंडियन होस्टवर हे चालते. बिग-एंडियन होस्टवर एच आणि एल यांची अदलाबदल होते आणि गेस्टचा प्रत्येक पॉइंटर चुकतो. बिटफील्डने फ्लॅग रजिस्टर बांधणाऱ्यांनाही हीच अडचण येते, कारण बिटफील्डमध्ये बिट कोणत्या टोकापासून भरायचे हे कंपायलर आणि प्लॅटफॉर्म ठरवतात.

उपाय सरळ आहे. जोडी १६ बिटांची संख्या म्हणूनच ठेवावी आणि वरचा बाइट हवा असेल तर ८ जागा उजवीकडे सरकवून घ्यावा. ६८००० मध्येही डी० रजिस्टरचा ‘बाइट’ म्हणजे त्या संख्येचे खालचे ८ बिट. होस्टच्या मेमरीतील पहिला बाइट नव्हे. गेस्ट बिग-एंडियन आहे म्हणून रजिस्टरेही उलटी साठवणारा कोड दिसला, तर तो निःशंकपणे काढून टाकावा.

एक्सॉरची युक्ती, आणि ती केव्हा वापरू नये

काही वेगवान इम्युलेटर गेस्टची मेमरी ३२ बिटांच्या गटांनी होस्टच्या क्रमात साठवतात. मग ३२ बिटांचे वाचन उलटापालटीशिवाय होते आणि ८ बिटांच्या वाचनासाठी पत्त्याचा ३ शी एक्सॉर करावा लागतो: ० च्या जागी ३, १ च्या जागी २, २ च्या जागी १, ३ च्या जागी ०. सोळा बिटांसाठी हाच एक्सॉर २ शी होतो. निन्टेंडो ६४ च्या इम्युलेटरांत ही पद्धत रुळलेली आहे, आणि ६८००० साठी १६ बिटांचे गट करून १ शी एक्सॉर करणारा तिचा भाऊबंदही आढळतो.

ही पद्धत चुकीची नाही, पण ती सगळ्यांना पाळावी लागते. डीएमएची (प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरणाने मेमरीशी केलेल्या थेट देवाणघेवाणीची) नक्कल करणाऱ्याने थेट मेमकॉपी वापरली आणि सुरुवातीचा पत्ता किंवा लांबी चारच्या पटीत नसली, की कडेचे बाइट चुकीच्या जागी पडतात आणि मधले बरोबर दिसतात. मिप्समध्ये बिनजुळत्या पत्त्यावरील शब्द दोन तुकड्यांत उचलणाऱ्या एलडब्ल्यूएल आणि एलडब्ल्यूआर या सूचना इथे विशेष त्रास देतात. पहिल्या इम्युलेटरसाठी माझा सल्ला नकारार्थी आहे. आधी साध्या बाइटांच्या रांगेवर सर्व चाचण्या उत्तीर्ण व्हाव्यात, प्रोफायलरने मेमरीच वेग खाते असे दाखवावे, आणि मगच या वाटेला जावे.

उपकरणे

प्रोसेसर बरोबर झाला तरी उपकरणांच्या सीमा उरतात. उपकरणाचा क्रम प्रोसेसरच्या क्रमासारखाच असेल असे धरून चालू नये. पीसीआय बसवरील रचना पॉवरपीसीच्या यंत्रातही लिटल-एंडियनच असते. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये बिग-एंडियन ६८००० आणि लिटल-एंडियन झेड८० एकाच यंत्रात नांदतात. झेड८० च्या मेमरीतील बाइट ६८००० कडून येतात तेव्हा ते केवळ बाइट असतात, त्यांना उलटण्याचे काहीच कारण नसते. क्यूईएमयू या अनेक प्रोसेसरांची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरमध्ये म्हणूनच प्रत्येक उपकरणाच्या मेमरी-क्षेत्राबरोबर त्याचा बाइटक्रम वेगळा जाहीर करण्याची सोय आहे. व्हर्टआयओ या आभासी उपकरणांच्या जुन्या आवृत्तीत गेस्टचा जो क्रम तोच उपकरणाचा, असे ठरवले होते, १.० आवृत्तीपासून तो कायमचा लिटल-एंडियन केला गेला. दोन्ही क्रमांत चालू शकणारा प्रोसेसर असेल तर ‘गेस्टचा क्रम’ नेमका कोणता, हा प्रश्न जुन्या व्यवस्थेत अवघड होऊन बसत असे.

रजिस्टर आणि बफर यांतील भेद सतत लक्षात असावा. उपकरणाच्या १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये संख्या जाते, तर डिस्कच्या सेक्टरमधून बाइटांची रांग येते. रांग आहे तशी मेमरीत उतरवावी. तिचा अर्थ गेस्टचा प्रोग्रॅम लावेल.

एकमेकांना झाकणारे दोन दोष

‘सर, एक स्वॅप काढला की जास्तच बिघडतंय की!’ ही तक्रार या कामात हटकून येते. कारण असे की मेमरीत लिहिताना एकदा आणि वाचताना एकदा चुकीची उलटापालट होत असेल, तर त्याच रुंदीने लिहून वाचलेले मूल्य बरोबरच दिसते. दोष उघड होतो तो ३२ बिटांनी लिहून ८ बिटांनी वाचल्यावर, किंवा फाइलीतून आलेले बाइट मोठ्या रुंदीने वाचल्यावर. अशा वेळी दोहोंपैकी एकच काढला तर आधी चालणारेही बंद पडते, आणि माणूस घाबरून तो परत घालतो.

त्याऐवजी असे करावे. संपूर्ण कोडमध्ये जिथे जिथे बाइट उलटले जातात त्या सगळ्या जागा शोधून त्यांची यादी करावी आणि प्रत्येकीसमोर ‘ही कोणती सीमा?’ याचे उत्तर लिहावे. फाइल ते मेमरी, मेमरी ते रजिस्टर, मेमरी ते उपकरण, मेमरी ते होस्टचा पडदा, अशी उत्तरे चालतील. ‘इथे नसेल तर चालत नाही’ हे उत्तर चालणार नाही. ज्या जागेला सीमा सांगता येत नाही ती काढावी, आणि एकाच सीमेसाठी दोन जागा असतील तर त्या एकाच बदलात एकत्र कराव्यात. दुरुस्ती संपल्यावर उलटापालटीच्या ओळी पूर्वीपेक्षा वाढल्या असतील, तर काहीतरी चुकले आहे असे खुशाल समजावे.

चाचण्या

हे काढण्या-घालण्याचे काम सुरू करण्यापूर्वी चाचण्या लिहिलेल्या असाव्यात. ६८००० साठी १००० हेक्स या पत्त्यावर १२३४५६७८ लिहा. १००० वरचा बाइट १२ आणि १००३ वरचा ७८ यायला हवा, आणि १००२ वरून १६ बिट वाचल्यास ५६७८ यायला हवे. मग उलट दिशेने, चार बाइट सुटे लिहून ३२ बिटांनी वाचा. लिहिण्याच्या आणि वाचण्याच्या तिन्ही रुंदींच्या सगळ्या जोड्या, आणि प्रोसेसरला चालणारे सगळे पत्ते, यात यावेत. चारही बाइट निराळे असल्याखेरीज मूल्य वापरू नये.

त्यानंतर विश्वासार्ह इम्युलेटरशी माग जुळवावा. दोन्ही इम्युलेटरांतून प्रत्येक सूचनेनंतर प्रोग्रॅम काउंटर आणि रजिस्टरे फाइलीत छापावीत आणि पहिली न जुळणारी ओळ शोधावी. त्यापुढच्या ओळी पाहू नयेत, कारण त्या सगळ्या त्या एकीच्याच परिणाम असू शकतात. झेड८० साठी झेक्सडॉक ही जुनी चाचणी उपलब्ध आहे.

शेवटची कसोटी होस्ट बदलण्याची. ॲपलने २००६ मध्ये मॅक पॉवरपीसीवरून इंटेलवर आणायला सुरुवात केल्यानंतर घरगुती वापरात बिग-एंडियन संगणक जवळजवळ उरले नाहीत, त्यामुळे युनियनसारखे दोष वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमसाठीचे एस३९०एक्स हे लिनक्स बिग-एंडियन आहे. डेबियन किंवा उबुंटूवर त्याचा क्रॉस-कंपायलर आणि क्यूईएमयूचे युजर-मोड पॅकेज बसवले की आपला इम्युलेटर त्याच्यासाठी स्थिर जोडणीने बांधून त्याच लॅपटॉपवर चालवता येतो. वेग कमी मिळतो, पण चाचण्यांपुरता पुरतो. तिथे सर्व चाचण्या पुन्हा चालवाव्यात, आणि सेव्ह-स्टेटची (गेस्टची चालू स्थिती जतन करणारी) फाइल विसरू नये. रजिस्टरांची रचना जशीच्या तशी फाइलीत ओतणारा कोड इथे उघडा पडतो. सेव्ह-स्टेटचा क्रम एकदा ठरवून, प्रत्येक आकडा बाइटांनी लिहावा. मग लॅपटॉपच्या बांधणीने आणि एस३९०एक्सच्या बांधणीने एकाच सूचनेवर थांबून दोन फाइली काढाव्यात आणि त्यांची बाइट-बाय-बाइट तुलना करावी. पहिला फरक ज्या स्थानावर निघेल, तिथे कोणते क्षेत्र लिहिले जाते ते पाहिले की दुरुस्तीची पुढची जागा मिळते.